टेबलावर मावणारा चौक

मित्रांनो, मी एक जुना चौक आहे. दचकू नका, माझ्यावरून एकही गाडी जात नाही. मी एका टेबलावर मावतो. खऱ्या चौकात एका मंत्र्यांना गोळी घालून मारलं गेलं, त्या जागेची मी प्लायवुडची प्रतिकृती. म्हणजे माझा जन्म घटनेनंतर कित्येक वर्षांनी झाला. तरी काही मंडळी मलाच साक्षीदार समजत आली, याचं मला अजून हसू येतं.

ही मंडळी पोलीस नव्हेत की वकील नव्हेत. एक निवृत्त मोजणीदार, एक दातांच्या डॉक्टरबाई आणि चार-दोन हौशी सोबती. खुनाच्या संशयावरून पकडला गेला होता तो चौकातला घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. निकाल लागायच्या आधीच तो तुरुंगात वारला आणि खटला तिथेच मिटला. यांच्या डोक्यात मात्र तो मिटेना. मोजणीदार म्हणत, त्यानेच मारलं. डॉक्टरबाई म्हणत, छे, त्याने नाहीच.

या वादापायी मोजणीदारांनी चौकाची मापं घेतली आणि त्यांच्या सुतार मेहुण्याने मला बैठकीच्या खोलीत जोडलं. पुठ्ठ्याची छपरं, आगपेटीएवढी मोटार आणि करंगळीएवढा लाकडी घड्याळवाला. काय माझं कौतुक झालं! येणारा-जाणारा वाकवाकून बघायचा. घड्याळाच्या दुकानावरच्या खिडकीपासून मंत्र्यांच्या मोटारीपर्यंत गोळीची वाट म्हणून लाल दोरा ताणला गेला, आणि सुतावरून स्वर्ग कसा गाठतात ते मी दर रविवारी पाहू लागलो. मोजणीदार घड्याळवाल्याला वरच्या खिडकीत उभा करत. डॉक्टरबाई त्याला उचलून खाली दुकानात बसवत. बिचाऱ्याचा रंग उडून गेला.

डॉक्टरबाईंचा हुकमी एक्का म्हणजे मधला दिव्याचा खांब. "हा आडवा येतो. खिडकीतून नेम लागणारच नाही," त्या म्हणत.

"एवढासा तर खांब! गोळी बाजूने सहज जाते," मोजणीदार म्हणत.

मग खांबाच्या जाडीवर अख्खी दुपार सरायची. एकदा दोघं इतकी भांडली की डॉक्टरबाईंनी वर्षभर तिथे पाऊल टाकलं नाही. त्या काळात माझ्यावर रद्दी साठली, छपरांवर चहाचे कप टेकले. भांडण परवडलं, पण ही अडगळ नको, असं मला व्हायचं.

शेवटी डॉक्टरबाई आल्या त्या एका स्त्रीला सोबत घेऊनच. ती घड्याळवाल्याची मुलगी होती. रद्दी उचलली गेली आणि ती माझ्यासमोर बसली.

"माझ्या मुलाला शाळेत कुणी तरी खुन्याचा नातू म्हणालं," ती म्हणाली. "घरी येऊन मला विचारतो, आजोबांनी खरंच मारलं का? मी काय सांगू त्याला?"

"हा खांब बघा," डॉक्टरबाई घाईने म्हणाल्या. "याच्यामुळेच तुमचे वडील सुटतात."

तिने वाकून खांबाची जागा पाहिली. "इथे खांब नव्हता."

"अहो, नीट आठवा! हा खांब तुमच्या बाजूचा आहे."

"असेल. पण नव्हता. आम्ही लपाछपी खेळायचो तिथे. राज्य आलेला आमच्या दुकानाच्या दाराला डोकं टेकून आकडे मोजायचा. खांब असता तर त्यालाच डोकं टेकलं असतं, दारापर्यंत कोण गेलं असतं?"

मोजणीदारांनी खांब चिमटीत धरून ओढला. खाली दोन फळ्यांच्या जोडाची फट निघाली. "मेहुण्याने खांब लावून फट झाकली की हो!" ते म्हणाले. मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे दिलंय कुणी?

मला वाटलं, आता मोजणीदार टाळी वाजवणार. जिंकलेच होते ते. पण ते खांब हातातच धरून खुर्चीत बसले. "सगळी मापं मी घेतली. हा खांब त्यांत नव्हता, आणि तरी मी याची जाडी मोजत बसलो. आणखी काय काय चुकलं असेल, कोण जाणे."

"तुम्हांला स्वतःला काय वाटतं?" डॉक्टरबाईंनी तिला हळूच विचारलं.

"मी मुलगी आहे. मला बाबा निर्दोषच वाटणार. म्हणून तर तुमच्याकडे आले. खरं सांगा, तुम्हांला नक्की माहीत आहे का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नाही," मोजणीदार म्हणाले.

"नाही," डॉक्टरबाईही म्हणाल्या. त्यांचं एकमत झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"मग मुलाला तेच सांगेन. नक्की कुणालाच माहीत नाही म्हणून." तिचे डोळे भरून आले होते. "खुनी म्हणण्यापेक्षा ते बरं, आणि खरंही." तिने लाकडी घड्याळवाल्यावरची धूळ बोटाने पुसली आणि ती गेली. मला त्या दिवशी फार गलबलून आलं.

मित्रांनो, वाद अजून चालतो, आणि चालावा. पण मी शेवटी लाकूड. मला जे चिकटवलं ते मी दाखवतो. माझ्याकडे बघून कुणाला फासावर चढवू नका आणि कुणाला सोडूही नका. आणि त्या करंगळीएवढ्या माणसाला इकडून तिकडे न्याल तेव्हा जरा हळू उचला. त्याची मुलगी हयात आहे.