पाव लपवणाऱ्या मुलीचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, रागावलेला बाक आहे. लाकडाला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! माझ्यावर जी वेळ आली ती तुमच्या घरातल्या टेबलावर आली असती, तर त्याने भरली ताटं खाली पाडली असती.

मी साधासुधा बाक नाही. माझं झाकण उचललं की आत चांगली ऐसपैस पेटी आहे. वर बसायचं, आत वस्तू ठेवायच्या. त्याआधी मी एका दुकानाचं दार होतो. दुकान बंद पडलं, मी अडगळीत गेलो, आणि एके दिवशी सुतारकाकांनी मला आडवं पाडून करवत चालवली. दुखलं का? दुखलं तर! पण सुतारकाकांचा हात मायेचा. माझी प्रत्येक कड त्यांनी घासून गोल केली, बिजागऱ्यांना तेल पाजलं आणि झाकणाखाली रबराचे तुकडे ठोकले. "लहान मुलीचा बाक आहे," ते मला थोपटत म्हणाले, "बोट चेमटायला नको बिचारीचं." त्या दिवशी मला दार असण्यापेक्षा बाक असणं आवडू लागलं.

मला घडवून घेतलं ते चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या नवरा-बायकोने. त्यांना मूल नव्हतं. अनाथ मुलांच्या एका संस्थेतून ते मुलगी दत्तक घेणार होते. अशा वेळी मूल आधी काही महिने घरी राहायला येतं, सगळं जुळलं की मग कायद्याने ते त्या घरचं होतं. चष्मेवाल्यांनी हौसेने खोली रंगवली, पडदे शिवून घेतले, आणि खिडकीखाली मला ठेवलं.

मुलगी आली. दुधाचे दात पडायला लागलेले, केस अगदी बारीक कापलेले, हातात एक कान तुटलेला कापडी ससा. नव्या पलंगावर ती बसलीच नाही. तडक येऊन माझ्यावर बसली. चष्मेवाल्या बाई तिच्यासमोर गुडघे टेकून म्हणाल्या, "हा बाक फक्त तुझा हं, बाळा. तू यात काय ठेवतेस ते आम्ही कध्धी उघडून बघणार नाही. अगदी शप्पथ!"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. बाकाला कान नसतात म्हणून हसू नका. मी जुनं दार आहे, आणि दारं सगळं ऐकतात.

मला वाटलं, आता माझ्या पोटात बाहुल्या येणार, रंगीत खडू येणार. पहिल्याच दिवशी काय आलं सांगू? रुमालात गुंडाळलेला पाव. मग आली बिस्किटं. मग अर्धा उकडलेला बटाटा! मी तर कपाळाला हात लावला असता, पण ना मला कपाळ ना हात. ही पोरगी मला फडताळ समजली की काय, असं वाटून मी जरा फुगूनच बसलो होतो. पण एकदा शाळेतून आल्यावर तिने झाकण उचललं, सशाला आत डोकवायला लावलं आणि हळूच म्हणाली, "बघ, आहे. तेव्हा आई कामाला जाते म्हणाली आणि आलीच नाही. दार बाहेरून बंद होतं. डब्यात काहीच नव्हतं, म्हणून मी नुसतं पाणी प्यायले. आता आहे ना आपल्याकडे? बघ."

ती त्यातलं काही खायची नाही, मित्रांनो. नुसतं बघायची. या घरात तिला पोटभर मिळत होतं, पण भीती काही जात नव्हती. एकदा बघून घेतलं की मात्र ती खेळायला पळायची. माझा रुसवा तिथल्या तिथे गेला. आपल्यावर कुणाची एवढी भिस्त आहे म्हटल्यावर मी झाकण घट्ट मिटून राहू लागलो.

चांगले दिवसही आले बरं का. एकदा न्हाणीघरातून तिने आरोळी ठोकली, "आई, साबण डोळ्यांत गेला!" तोवर ती त्यांना 'अहो' म्हणत होती. चष्मेवाल्या बाई हातातली परात टाकून धावल्या. मग दोघीही रडत बसल्या, त्यातली एकच साबणामुळे.

आणि मग चष्मेवाल्यांची बहीण राहायला आली. सगळ्यांची आत्याबाई. आत्याबाईंना स्वच्छतेचं भारी वेड. खिडकीखाली मुंग्यांची रांग दिसली मात्र, त्या रांगेमागून थेट माझ्यापर्यंत आल्या. झाकण उघडू नका, असं मी जीव तोडून म्हणत होतो. पण बिजागऱ्यांना तेल होतं. मी साधा कुरकुरलोसुद्धा नाही.

"अगं बाई गं! हे बघा, हे बघा तुमच्या लाडकीचे प्रताप! घरातलं चोरून साठवलंय सगळं. शी!"

मुलगी दारातच उभी होती. ती आत्याबाईंकडे बघतच नव्हती. ती चष्मेवाल्या बाईंकडे बघत होती. "आई, तू म्हणाली होतीस ना, कुणी बघणार नाही?"

"मी खेळण्यांचं म्हणाले होते," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "हे उष्टंखरकटं साठवायला नाही दिला बाक."

झालं! शब्द फिरवला. इतक्या सहज, जसा चष्मा नाकावरून उतरवून ठेवावा. सगळा पाव, सगळी बिस्किटं कचऱ्याच्या पिशवीत गेली, आणि मला फिनेलने धुऊन काढलं. मुलगी किंचाळत सुटली आणि आत्याबाईंच्या मनगटाला कडकडून चावली. मला म्हणाल, तर बरं झालं चावली.

त्यानंतर स्वयंपाकघराला कुलूप लागलं. आता तुम्हीच सांगा, जिला रिकाम्या डब्यांची भीती, तिच्यापुढे कुलूप लावायचं का? मग ती उशीत लपवू लागली, दप्तरात लपवू लागली, पावसाळी बुटांतही. आणि जेवढं सापडायचं तेवढं कुलूप मोठं व्हायचं. एक दिवस चष्मेवाले बायकोला म्हणाले, "आपण खूप केलं गं तिच्यासाठी. नाही जमत, तर नाही जमत. सांगून टाकू संस्थेला." दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे साहेब, आणि घरातलं पोर काही दिसलं नाही.

पण खरा केसाने गळा कापला तो पुढे. तिला खरं सांगायची हिंमत दोघांतही नव्हती. बाईंनी तिचे कपडे पिशवीत भरले आणि म्हणाल्या, "थोडे दिवस संस्थेतल्या ताईंकडे राहून ये हं."

"आणि माझा बाक?"

"अगं, परत आल्यावर आहेच की तो इथे."

तिने विश्वास ठेवला. एवढं सगळं होऊनही ठेवला! जाता जाता झाकण उचलून तिने खिशातलं एक बिस्कीट माझ्यात ठेवलं आणि सशाला म्हणाली, "परत आल्यावर लागेल." बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं, आणि तरी गप्प राहिल्या. हे मी त्यांना कधीही माफ करणार नाही.

ती परत आली नाही. आणायचीच नव्हती, तर येणार कशी? पलंग विकला गेला, पडदे उतरले. मला ओढत जिन्याजवळ नेलं. ते बिस्कीट कुणीतरी केराबरोबर झाडून टाकलं आणि माझ्यात चपला ठेवायला सुरुवात केली. येणारे-जाणारे माझी तारीफ करायचे, "वा, काय छान सोय आहे!" मला त्या कौतुकाची शिसारी यायची.

पुष्कळ दिवसांनी एक बाई हातगाडी घेऊन दाराशी आल्या. मनगटावर भाजल्याचे डाग, आवाज खणखणीत. "मी कोपऱ्यापलीकडची इस्त्रीवाली. तुमच्याकडे एका पोरीची वस्तू राहिलीय. तो बाक. रोज विचारते ती."

चष्मेवाल्या बाई खाली बघत म्हणाल्या, "न्या की. आम्हाला तरी काय उपयोग?" माझ्यातल्या चपला त्यांनी लगबगीने काढल्या. मुलगी कशी आहे, हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

इस्त्रीवाली मावशी एकटीच राहायची. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. ज्या मुलांना घर नाही, त्यांना संस्था तिच्याकडे सांभाळायला ठेवायची. हातगाडीवरून जाताना मी हरखून गेलो होतो. वाटलं, पोरगी धावत येऊन मला मिठी मारेल.

तिने मला लाथ मारली.

"उघडलास ना तू? त्यांना दाखवलंस ना?" ती ओरडली, आणि पुन्हा एक लाथ. मित्रांनो, रबराच्या तुकड्यांनी बोटं वाचतात, असली लाथ सोसायला काहीच नसतं. रोज माझी आठवण काढायची ती, आणि मी समोर दिसल्यावर तिला आठवलं काय, तर तो दिवस! मला तोंड असतं तर सांगितलं असतं, बाळा, आपल्या दोघांनाही फसवलंय गं.

माझ्यात ती काही ठेवीना. पण लपवायची सवय कुठे सुटते? तिने नवी जागा शोधली, गिऱ्हाइकांच्या इस्त्री केलेल्या कपड्यांत! एका वकीलसाहेबांनी भर कोर्टात रुमाल काढायला खिशात हात घातला, आणि बाहेर आला जॅम लावलेला पाव. साहेब तावातावाने दुकानात आले. "अहो बाई, इस्त्रीला कोट दिला होता की न्याहारीला?"

मावशी काही संत नव्हती. तिने कोट हिसकावून घेतला, पुन्हा धुऊन देते म्हणाली, आणि साहेब गेल्यावर मागच्या खोलीकडे तोंड करून अशी काही कडाडली की भिंतीवरच्या पाली पळाल्या. "माझा धंदा बुडवतेस का गं?"

मावशी आत येऊन बघते तो काय, मुलगी आपले कपडे पिशवीत भरून, ससा बगलेत मारून माझ्यावर बसलेली. बूटसुद्धा घातलेले. "मला कधी सोडायला जायचं?" तिने विचारलं. रडत नव्हती. बस कधी येणार, असं विचारावं तसं विचारलं.

मावशीचा राग तिथेच विरला. ती मटकन खाली बसली. म्हणाली, "बूट काढ. इस्त्री करायला पाणी शिंपडायचंय, मला एकटीला होत नाही."

संस्थेतल्या ताई आल्या तेव्हा मावशीने सगळी रडकथा ऐकवली. ताईंनी सुचवलं, "हिच्यासाठी खाऊचा एक डबा ठेवा. तो कधीच रिकामा राहू द्यायचा नाही."

"बिस्किटांनी काय होणार हो?" मावशी फणकारली. पण दुसऱ्याच दिवशी तिने पत्र्याचा डबा आणला, काठोकाठ भरला आणि माझ्या झाकणावर बोटांनी टकटक केलं. "उघडू का गं?" मुलगी चकित होऊन बघत राहिली. तिने हळूच मान डोलावली. मग डबा आत गेला. पुढे जेव्हा जेव्हा भरायला आली, तेव्हा मावशीने तसंच टकटक करून विचारलं. एकदा मुलगी मुद्दाम म्हणाली, "नाही." मावशी आल्या पावली परत गेली. मुलगी दाराआडून बघत होती, ती खरंच जाते का. मीही श्वास रोखून बघत होतो. गेली हो, खरंच गेली!

हळूहळू गिऱ्हाइकांचे खिसे मोकळे झाले. मुलीने मला पुसून घेतलं, लाथा थांबल्या. पण पिशवी मात्र भरलेलीच असायची, माझ्या पायाशी.

एक दिवस ताई म्हणाल्या, "मावशींना तुला दत्तक घ्यायचंय. राहशील ना इथे, कायमची?"

मुलीने सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "तुम्ही तेव्हापण कायमची म्हणाला होतात."

ताईंचा चेहरा पडला. पोरीचं काही चुकलं नव्हतं.

मावशी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "मला ते मोठं मोठं बोलता येत नाही. उद्या सकाळी दूध तू आणायचंस. एवढंच म्हणते मी."

"आणि मी चावले तर?"

"चाव. इस्त्रीने भाजून भाजून घट्टे पडलेत हाताला, तुझेच दात दुखतील."

दुसऱ्या दिवशी तिने दूध आणलं. मावशी म्हणाली, "उद्याही तूच." असे किती उद्या गेले ते मी मोजले नाहीत. मधल्या काळात ती चावली, एकदा पळूनही गेली आणि कोपऱ्यावरून परत आली. अजूनही कुणी "आलेच हं" म्हणून बाहेर पडलं, की तिचा चेहरा पांढरा पडतो. त्या घराने जे मोडलं, ते सगळंच काही जोडलं गेलेलं नाही. मी सुताराच्या हातचा आहे, मला हे कळतं.

परवाची गोष्ट सांगतो. मावशीने टकटक केलं. मुलगी बाहेर फरशीवर खडूने चौकोन आखत होती. "बघ तूच!" तिने तिथूनच सांगितलं. मावशीने डबा उघडला. बिस्किटं तशीच्या तशी, पार सादळून मऊ पडलेली. कितीतरी दिवसांत कुणी हातच लावला नव्हता.

मावशी डबा घेऊन दाराशी आली. "अगं, ही वाया गेली. नवीन भरू का?"

"नको," मुलगी एका पायावर उडी मारत म्हणाली. "स्वयंपाकघरात आहेत की."

तेव्हापासून मी रिकामा आहे, मित्रांनो. आणि एक सांगू? जुने बाक नेहमी म्हणतात, आम्हाला विसरू नका, आमची निगा राखा. माझं मागणं उलटं आहे. एखादं मूल तुमच्या घरी आलं आणि त्याने उशीखाली पाव लपवला, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याला दिलेला शब्द फिरवू नका. त्याला सोडून यायचंच असेल, तर निदान "परत आल्यावर" असं म्हणू नका. माझं काय, माझ्यावर धूळ बसू द्या, बिजागऱ्या गंजू द्या. मला रिकामंच राहू द्या.