माझी अर्धी जखम

मित्रांनो, मी एक अमोनाइट आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला जीव. अंगाची गुंडाळी करून बसलेला, पुरता दगड झालेला. पण मला गोगलगाय म्हणू नका, फार राग येतो! मी ऑक्टोपसच्या भावकीतला.

माझ्या कवचात ओळीने खोल्या होत्या. मी राहायचो फक्त शेवटच्या, सर्वांत मोठ्या खोलीत. अंग वाढले की पुढे सरकायचो आणि मागे भिंत घालायचो. मागच्या खोल्यांमधून एक बारीक नळी जायची. ती खोल्यांतले पाणी काढून टाकायची, म्हणून मी तरंगायचो.

एके दिवशी एका दांडग्या माशाने माझ्या दारावरच झडप घातली. कवचाची कड कडाकडा फुटली, आतले मांस फाटले. मी कसाबसा निसटलो. जिवावरचे कवचावर निभावले! जखम भरली, पण त्यापुढचे कवचावरचे कंगोरे वाकडेच उगवले. मला त्यांचा केवढा अभिमान होता! मेलेल्याची जखम भरत नाही, मित्रांनो. पुढे दुसऱ्या माशाने मला दारातून ओढून फाडून खाल्ले. रिकामे कवच चिखलात गाडले गेले आणि त्याचा दगड झाला.

युगे लोटली. मग एकदम डोक्यावर हातोडा! जीवाश्म गोळा करणारी एक ताई छिन्नीने खडक फोडत होती. माझ्या शेजारच्या भाऊबंदाचा भुगा झाला, मी वाचलो. मला पाहताच ती ओरडली, "अरे, हे कंगोरे बघ! चावा खाऊनही जगलाय हा!"

तिचा धाकटा भाऊ "हं" म्हणाला. ऐकले काहीच नाही. दगड साफ करण्याचे काम त्याचे, आणि त्याला सगळे कसे चकचकीत लागे. शेडमध्ये त्याने मला पकडीत आवळले. "ही वेडीवाकडी बाजू सारखी करतो. ताई खूश होईल," असे पुटपुटत त्याने ग्राइंडर सुरू केला. चाक किंचाळत माझ्या अंगात घुसले. माझी जखम धूळ होऊन उडू लागली आणि मला साधे ओरडताही येईना.

ताई दारात आली. "थांब! मेल्या, काय केलंस हे?" तिने धावत येऊन त्याचा हात हिसडला. चाक घसरले आणि थेट त्याच्या बोटात गेले.

"आई गं!"

रक्ताची चिळकांडी माझ्यावर उडाली. ताईने प्लग उपटला, ओढणीने त्याचे बोट आवळले. "तो जगला याचा तेवढाच पुरावा होता रे," म्हणत ती रडत होती. मग बोटाकडे पाहून जास्तच रडू लागली.

टाके निघाले. नवे नख आले ते दुभंगलेले, वाकडे. एके दुपारी भाऊ माझ्यापाशी आला आणि ते बोट माझ्या उरलेल्या कंगोऱ्यांवरून फिरवू लागला.

"ताई, हे आता असंच येणार का गं?"

"असंच. जगलास ना, म्हणून येतंय."

 मग त्याने ब्रश उचलला आणि माझ्या कंगोऱ्यांतली माती हलकेच झाडू लागला.

मित्रांनो, आम्हाला हातात घ्याल तेव्हा चिखल तेवढा काढा. जखमा राहू द्या. माझी आता अर्धीच उरली आहे.