टोबियासने टांगलेला झाडू

लिहिणाऱ्या माणसाशी लग्न करू नये, आणि केलंच तर त्याला खानावळ काढू देऊ नये. माझ्या हातून दोन्ही झालं. लेओनहार्ड गिऱ्हाइकांना वाइन पाजायचा आणि उरलेल्या वेळात राजाविरुद्ध पत्रकं लिहायचा. शेवटी त्याला पकडायचा हुकूम सुटला, आणि हा गेला टेकडीवरच्या द्राक्षमळ्यातल्या झोपडीत लपायला.

आमच्या नेकार नदीकाठी नवी वाइन विकायला असली की दारावर झाडू टांगतात. आम्ही दोघांनी गुपचूप ठरवलं होतं, झाडू दिसला तर जेवायला खाली यायचं, नाही दिसला तर उपाशी मरायचं पण हलायचं नाही.

त्या संध्याकाळी एक शिपाई आला आणि शेगडीपाशी पाय पसरून बसला. मी बाहेर जाऊन झाडू उतरवला, भिंतीशी टेकवला. आत येऊन कांदे चिरायला घेतले, नको असताना आणखी चिरले. शिपाई काही हलेना.

मग टोबियास आला. हा पिंपं बनवतो. लेओनहार्डचा लहानपणापासूनचा दोस्त, त्याच्यावर जीव टाकणारा. तो आल्यावर जरा धीर आला. दुसरा पेला रिकामा करून तो म्हणाला,

"काय वहिनी, लक्ष कुठंय तुमचं? येताना बघतो तर झाडू खाली! अशानं गिऱ्हाइकं परत जातील ना. टांगलाय मी, चांगला उंच!"

मी सुरी टाकून वळले, तर लेओनहार्ड उंबरठ्यावर उभा. बुटांना चिखल, भुकेने तोंड उतरलेलं. त्याने ते ऐकलं होतं.

शिपायाने त्याला धरलं. मी टोबियासवर तुटून पडणार, तोच लेओनहार्डने माझ्याकडे बघून मान हलवली. नाही म्हणून.

"टोबियासला आणखी एक दे गं," तो म्हणाला, "माझ्याकडून."

आता तो किल्ल्यात कैदेत आहे. माझं मन कशातच लागत नाही, वाऱ्याने दार वाजलं तरी धावते. टोबियास रोज येतो, माझी लाकडं फोडून देतो, आणि प्यायला की टेबलावर मूठ आपटतो.

"वहिनी, त्याला पकडून देणारा हरामखोर एकदा सापडू दे. नरडं दाबीन मेल्याचं!"

अगदी जिभेवर येतं माझ्या. मग मी त्याचा पेला भरते.