दाराबाहेरचा वॉल्ट्झ

"दाराबाहेर कोण माकड बसलंय? ऊठ, आईला मदत कर जा."

हा ताईचा आवाज. कुलूपवाल्याचे केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, पण तो आवाज कानात अजून जसाच्या तसा. लहानपणी ताई आत पियानोशी बसायची, हा बाहेर उंबऱ्याशी. रोज तोच इवलासा वॉल्ट्झ, तीन ठेक्यांची नाचाची धून, कधीकाळी प्रेमात झुरून अर्धा झालेल्या कुणीतरी रचलेली. मधे एका ठिकाणी ताई थांबायची आणि माकडाचा उद्धार करायची. हा खुदकन हसायचा, हलायचा मात्र नाही. मग सूर पुढे निघायचे, ओढ्यात सोडलेल्या पानासारखे.

"मलाही शिकव की," एकदा तो म्हणाला होता.

"तुला? तुझा कान कपाच्या कानासारखा. नुसता धरायला."

आता ताईची बोटं आखडली होती. पियानो याच्या दुकानामागच्या खोलीत आला होता, तेलाच्या डब्यांशेजारी. आणि याने मनाशी घेतलं होतं: हा वॉल्ट्झ ताईसमोर एकदा पुरा वाजवायचा, आणि 'बरा वाजवलास' एवढं तिच्या तोंडून काढायचं. गंजलेली कुलपं उघडणं त्यामानाने सोपं.

शिकवायला बाई यायच्या. "काका, हा पियानो आहे, अडकलेलं शटर नव्हे. डावा हात म्हणजे लठ्ठ पाहुणा समजा. एकदा धप्पकन बसायचं, मग दोनदा हळूच सरकायचं."

धप्प, सर, सर. धप्प, सर, धडाम.

"पडला वाटतं पाहुणा," स्वयंपाकघरातून बायको म्हणायची.

हळूहळू पाहुणा सावरला, नाचूही लागला. पण त्या एका जागेवर कुलूपवाला हात उचलून स्वस्थ बसायचा.

"इथे थांबायचं नाहीये, काका."

"आहे."

"कागदावर कुठे आहे?"

"कागदाला काय कळतंय? ताई थांबायची."

"त्यांना ती जागा जमत नसेल."

"ताईला? ती मला धपाटेसुद्धा तालात घालायची."

बाईंनी हात टेकले. "थांबा मग. लोक म्हणतील, म्हातारा विसरला."

रविवारी ताई आली. काठी भिंतीला टेकवून खुर्चीत बसली. "कुलूप तोडणार आहेस की वाजवणार आहेस, ते आधी सांग."

तो वाजवू लागला. ती जागा आली. त्याने हात उचलले. बायको दारात, पळी हातात धरून उभी. एक श्वास गेला, मग सूर पुन्हा चालू लागले आणि शेवटाला पोचले.

ताईने त्याच्या डाव्या हाताकडे बोट केलं.

"डावा हात जाड आहे," ती म्हणाली. "आणि मधे थांबलास का?"

"तू थांबायचीस. अवघड जागा ना ती?"

"अवघड कसली. झोपेत वाजवली असती." तिने आपल्या सुजलेल्या पेरांवरून अंगठा फिरवला. "तू बाहेर आहेस की गेलास, ते बघायला थांबायचे मी. माकड म्हटलं की हसायचास, मग पुढे वाजवायचे. हसू आलं नाही, तर झाकण लावून उठायचे." काठीकडे हात नेला, पण घेतली नाही. "तुझ्यासाठीच वाजवायचे रे. एकटीसाठी कोण एवढी बोटं मोडून घेतं?"