मायच्या नावाची ओळ

धम्मरत्नचे कान किटले होते. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका इंटरनेटवाल्याच्या हापिसात तो चार वर्षांपासून एकाच काळ्या पडद्यासमोर बसत होता. सकाळी आल्याबरोबर एक कमांड टाइप करायची, की जिल्ह्यातली साठ ठिकाणं खालोखाल उभी राहत: कुठली ग्रामपंचायत, कुठला पेट्रोल पंप, कुठली शाळा. प्रोग्राम दर मिनिटाला एकेकाला हाक मारी. ओ आली तर हिरवा ठिपका. ओ बंद झाली की ठिपका लाल आणि भोंगा. परत आली की टुंग. घरी कुकरची शिट्टी झाली तरी बिचारा दचकायचा. हे काय जिणं झालं!

सगळ्यांच्या खाली एकसष्टावी ओळ त्यानं स्वतःच टाकली होती: माय. कांताबाई मारेगावला एकटी राहायची. गुडघे गेलेले, पण यवतमाळला चल म्हटलं की कानावर हात. मग त्यानं व्हिडिओ कॉलसाठी तिथं राऊटर बसवला आणि त्याच्या बटनाचा बोर्ड तिच्या बाजेशी खालीच ठेवला, तिला पायाच्या अंगठ्यानं बटन दाबता यावं म्हणून.

आणि ती दाबायचीच! विहारात जायचं असो की शेजारच्या सुग्राबीकडं साखर मागायला, बटन बंद केल्याशिवाय बाई उंबरा ओलांडत नसे. दिवसातून पाच वेळा राऊटर बंद, पाच वेळा माय लाल, पाच वेळा भोंगा. माय बाहेर गेली, माय घरी आली, हे त्याला बसल्या जागी कळत होतं. पण थकलेल्या माणसाला त्याचं काय? एक दिवस साहेब डोक्याशी उभे असताना भोंगा वाजला आणि त्याचं डोकंच फिरलं.

"माय, ते बटन काहून बंद करतं वं? इकडं माह्या कानात भोंगा वाजते! हातच नको लावू त्याले."

"बरं बाप्पा," कांताबाई म्हणाली. "नाही लावत."

आठवडा बरा गेला. मंगळवारी माय दिवसभर हिरवीगार. नेमकी लाइटही गेली नाही. धम्मरत्ननं दुपारी डबा निवांत खाल्ला. फोन कशाला करायचा, हिरवा ठिपका दिसतोच आहे.

पाच वाजता सुग्राबीचा फोन आला. "बेटा, कांताबाई पडली. सकाळपासून बाजेशेजारी खाली पडून होती. मी आत्ता डोकावली म्हणून दिसली. दवाखान्यात घेऊन आलो, तू निघ."

दोन तास गाडी हाणत तो मारेगावला पोचला. कांताबाईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ओठ सुकून गेले होते.

"माय, फोन नाही करायचा का वं?"

"फोन वर फळीवर होता, चार्जिंगले. हात नाही पुरला."

"अन् बटन? ते तं खालीच हाये. दाबलं असतं तं माह्याकडं भोंगा वाजला असता, मी धावत आलो असतो!"

"बटन हाताशीच होतं रे. धा खेपा बोट ठेवलं म्या त्याच्यावर." ती दम खात बोलली. "पण तूच म्हणलं होतं ना, हात नको लावू. म्हणलं, पोरगा आधीच थकून राह्यला, त्याले आणखी कायले ताप देऊ?"

धम्मरत्न तिचा हात कपाळाला लावून लहान पोरासारखा रडला. तिकडं लोहाऱ्याच्या हापिसात मायची ओळ अजून हिरवीच होती.