पिवळ्या पंखाला डिंक लावणारा ब्रश

मित्रांनो, मला हातात घेण्याआधी नाक धरा. डिंक लावायचा जुना ब्रश आहे मी. माझे केस आता काड्यांसारखे ताठ झाले आहेत आणि त्यांना कुबट वास येतो. तुम्हाला माझी किळस येईल. मला तर स्वतःचीच येते.

कारखान्यातून बारा ब्रशांच्या पाकिटात मी पौडच्या बाजारात, आरिफाताईंच्या स्टेशनरीच्या दुकानात आलो. बाकीचे अकरा विकले गेले. मला त्यांनी स्वतःसाठी ठेवले. दुपारी दुकान बंद झाले की त्या पुठ्ठ्यावर कागदाची चित्रे चिकटवत बसत. वेलबुट्टीच्या हिरव्या कागदाचे डोंगर, निळ्या हातकागदाचे धरण, काठाला भाताच्या तुसाची शेते. मी डिंक लावायचो, त्या बोटाने दाबायच्या. तूस आणि गळून जाळीदार झालेली पाने मुळशीच्या सगुणाबाई आणून देत. त्या बाजाराला भाजी घेऊन येत. काम संपले की ताई मला कोमट पाण्यात धुवायच्या. फार सुखाचे दिवस होते ते.

मग धरणाकाठच्या एका रिसॉर्टचे व्यवस्थापक मनीष दुकानात आले. त्यांना खोल्यांसाठी बारा चित्रे हवी होती. ताईंचे एकही चित्र तोवर दुकानाबाहेर लागले नव्हते, त्या हरखून गेल्या. पण मनीषना चित्रांतली कागदाची फुलपाखरे खोटी वाटली. पाहुण्यांना खरा निसर्ग लागतो, असे म्हणून त्यांनी दोन दिवसांनी एक बरणी पाठवली. आत फुलपाखरे एकमेकांवर पडली होती, तळाला ओलसर घाण होती. ताईंनी नाक मुरडले. मेलेली असतील, असे पुटपुटत एक पिवळे बाहेर काढले.

मला डिंकात बुडवून त्यांनी त्याच्या एका पंखावर फिरवले. पंखावरची पिवळी पूड माझ्या केसांना चिकटली. तेवढ्यात त्याचा पाय हलला. ताईंनी तो पाहिला, मित्रांनो. तरीही त्यांनी पंख दाबून चिकटवला. त्या क्षणी मला त्यांचा हात नकोसा झाला.

पाने घेऊन आलेल्या सगुणाबाई मागेच उभ्या होत्या.

"आरिफा, ह्ये जितं हाय."

"आता काय उपयोग, मावशी? अर्धं चिकटलंय."

"मग अर्ध्यावर तरी थांब."

ताईंनी मला खाली टाकले आणि बरणी खिडकीत नेऊन उघडली. तीन फुलपाखरे कशीबशी उडाली. बाकीची उडाली नाहीत. पिवळे पुठ्ठ्यावरच संध्याकाळपर्यंत तडफडले. ताईंनी मनीषना फोन करून सांगितले, की फुलपाखरे कागदाचीच मिळतील. त्यांनी काम काढून घेतले. ताई पुन्हा पुन्हा हात धूत राहिल्या.

मला मात्र धुवायचे त्या विसरल्या. ती पिवळी पूड डिंकासकट माझ्यात वाळली; आता ती कशानेच निघत नाही. ताईंनी नवा ब्रश घेतला. त्यांचा मला राग नाही, पण त्या दुपारची शिसारी अजून जात नाही.

मित्रांनो, निसर्गाची चित्रे जरूर करा. कागद कापा, गळलेले उचला, ब्रश वेळच्या वेळी धुवा. आणि हातातले काही हलताना दिसले, तर आपले चित्र कितीही सुंदर होणार असले, तरी ब्रश खाली ठेवा.