दोराचं टोक

"मी वर येईस्तोवर दोर सोडू नको, सोजरा. कोनी मांगतला तरी देऊ नको."

कडूबा दर खेपेला हेच सांगून खाली उतरे. मोताळ्याकडच्या विहिरी खोदणाऱ्यांची ती रीतच होती. उतरणाऱ्याच्या कमरेच्या दोराचं टोक घरच्याच माणसाच्या हाती, आणि ते परत घ्यायचं तर वर आलेल्यानेच. काल सकाळी उतरलेला कडूबा वर आला नव्हता. त्याच्या बायकोच्या, सोजराबाईच्या, मुठीतून दोर अजून तसाच खड्ड्यात गेलेला होता.

खामगावच्या बाजारपेठेत घराला घर चिकटलेलं. वरून खणायला जागाच नाही, म्हणून गटाराचा बोगदा घरांच्या खालून चालला होता. छताला धरून ठेवणारे सागवानी टेकू ठेकेदार रंगरावाने परवा काढून नेले. मंत्री यायचे होते, मांडवाला लाकूड कमी पडलं. आणि काल कडूबा आत असतानाच छत बसलं.

आता खड्डा बुजवायला मुरमाच्या बैलगाड्या येऊन उभ्या होत्या.

"बुजवा ना लवकर! माह्या भिंतीले तडा गेला!" एक दुकानदार ओरडत होता.

रंगराव जवळ आला, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बाई, देवाची मर्जी. दोर द्या इकडं. दिवसपानी, तेरावं, समदं मी पाह्यतो."

गुरुवार करणारी, देवाला वाहिल्याशिवाय पाणी न पिणारी सोजराबाई. तिने आजवर परक्या माणसाला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"देवाले काऊन मधात आनतं बे? टेकू देवानं नेले का तुह्या मांडवाले?"

"गाड्या खाली करा रे!" रंगराव गाडीवानांवर खेकसला.

कडूबाचा जोडीदार निवृत्ती काठाशी मान खाली घालून बसला होता. "वहिनी, आर्धा बोगदा बसला. भाऊ आता जित्ता नाही भेटत."

"मालूम हाये मले. पन त्याले गटाराखाली टाकून घरी जाऊ? कोन्या तोंडानं देवापुढं दिवा लावू?"

तिने निवृत्तीच्या कमरेचा दोर सोडून आपल्या कमरेला आवळला. टोक त्याच्या हाती दिलं.

"आजपासून तुमीच घरचे, भाऊजी. मी वर येईस्तोवर सोडू नका. कोनी मांगतला तरी."

मग रंगरावाकडे वळून म्हणाली, "टाक आता मुरूम."

पुढच्या गाडीवानाने हातातलं फावडं खाली ठेवलं.

पदर खोचून, कडूबाचा दोर मुठीत धरून, सोजराबाई शिडीची पहिली पायरी उतरली.